सतरा नंबरची बुढी

"पाय द्या काका," कमरेपर्यंत बॉनेटमध्ये गेलेला फुर्बा म्हणाला.

हस्तमानकाकांनी पाय दिला. इंजिन असं गरजलं की समोरच्या टपरीत थुक्पा खात बसलेले दोन पर्यटक वाट्या घेऊन आत सरकले.

"सोडा. आता एकदम द्या. मागे कुणी लागलंय असं समजून."

काकांनी दिला. ना खोकला, ना अडखळ. फुर्बा बाहेर आला. नाकाच्या शेंड्यावर ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर अपमान.

"हिला काही झालेलं नाही. ढोंगी आहे ही."

"बाजारात नीटच असते," काका म्हणाले. "चढणीवर दम लागतो."

"कसा लागतो? खाडकन बंद पडते?"

"नाही. आधी छान चढते. मग पाय जास्त दिला की नको म्हणते. आणखी दिला की आणखी नको म्हणते. मग बंद. जरा बसलं तिच्यापाशी, की परत चालू."

"तुमचं ऐकून वाटतं, तुम्हाला मेकॅनिक नको, मांत्रिक पाहिजे."

आमच्या मानेभंजांग गावात बायकोलाही बुढी म्हणतात आणि जुन्या लँडरोवरलाही. त्यामुळे बाजारातली निम्मी बोलणी बाहेरच्या माणसाला धक्कादायक वाटतात. 'बुढी देऊन टाकताय म्हणे?' 'छे, खालून थोडी गंजलीय, पण ओढते अजून.' गेल्या मार्गशीर्षात हस्तमानकाकांची घरातली बुढी गेली. सिलिगुडीच्या इस्पितळात नेली ती याच गाडीतून, आणली तीही याच गाडीतून. तेव्हापासून कुणी 'बुढी कशी आहे' विचारलं की काका उत्तर देण्याआधी जरा थांबत. कोणती, ते ठरवत असावेत. मग म्हणत, "चालते."

आणि आता ही दुसरीही नीट चालेनाशी झाली होती. माघापासून दोनदा ती पर्यटकांसकट चढणीवर बंद पडली. दुसऱ्या वेळी मागे घरंगळत जाऊन कठड्याला टेकली. कठड्याच्या पलीकडे दरी आहे. पर्यटकांनी तिचे फोटो काढले आणि मग चालत खाली आले.

म्हणून समितीने चाचणी लावली होती. वर संदकफूच्या शिखराकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या आमच्या समितीच्या पाळीने सुटतात आणि ज्याच्याकडे नंबर नाही त्याच्याकडे पाळी नाही. उद्या सकाळी टाकी पूर्ण भरून, आठ माणसं घेऊन, बाजारापासून वरच्या चित्रे गावापर्यंत चढायचं. वाटेत बंद पडली तर दम घेऊन तिथूनच एकदा परत निघायची मुभा. दुसऱ्यांदा बंद पडली की काकांचा सतरा नंबर रद्द. नंबर गेल्यावर गाडीचं काय, हेही जवळपास ठरलेलं होतं. सिलिगुडीच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात ठेवायला हवी होती. बॉनेटमध्ये माती भरून तो झेंडू लावणार होता.

सतरा नंबर मला मिळणार होता. वाट बघणाऱ्यांच्या यादीत मी कित्येक वर्षं पहिला आहे. यादी पुढे सरकत नाही, कारण कुणी नंबर सोडतच नाही. मेव्हण्याची बोलेरो उभी होती, आणि माझ्या आईने सीटची निळी लोकरीची कव्हरं विणून, त्यांवर पांढऱ्या लोकरीने सतरा आकडाही काढून ठेवला होता. मी म्हटलं, अगं, अजून चाचणी व्हायचीय. ती म्हणाली, "लोकर स्वस्त मिळाली."

अशा माणसाने फुर्बाला पाने-पकडी काढून देत तिथे उभं राहणं बरं दिसत नव्हतं. पण आमचं आणि काकांचं अंगण एक, शिवाय मला दुसरं काही काम नव्हतं.

फुर्बाने सगळं खोललं. कार्बोरेटरच्या नरड्यात डोकावून त्याने दांडी ओढली. पाय जोरात दिला की पेट्रोलची एक जादा पिचकारी आत बसावी लागते, नाहीतर इंजिन गांगरतं. पिचकारी होळीला न्यावी अशी होती. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. मग प्लग काढले आणि फुर्बाने मला हाक मारली.

"सुवास, हे बघ."

प्लगची टोकं पांढरीफटक होती.

"उपाशी आहे ही," फुर्बा म्हणाला. "ऐन जोर लावायच्या वेळी पोटात पेट्रोल कमी जातंय."

"उपाशी कशी?" काका म्हणाले. "उलट टाकी अर्धी असली की बरी असते. भरली की जास्त त्रास."

"बरोबरच आहे," मागून आवाज आला. समितीचे अध्यक्ष योंजनदाजू पान चघळत उभे होते. "जेवल्यावर चढण कुणाला आवडते?"

फुर्बाने जेट फुंकले, गाळणी धुतली, इंजिनाजवळच्या छोट्या पंपाचा पडदा बदलला, नळी सोडून ताणून बघितली. राहिली फक्त टाकी. या गाडीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. गादी उचलायची, खाली झाकण, तिथूनच पेट्रोल भरायचं.

"उठा काका, टाकी बघू."

"टाकी स्वच्छ आहे."

"असेल हो. उठा तर खरं."

"मी बघितलीय. स्वच्छ आहे."

काका अंड्यावरच्या कोंबडीसारखे बसून राहिले. फुर्बाने माझ्याकडे बघितलं, मी पान्याकडे बघितलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "उद्या झेंडू लावा."

संध्याकाळी मी अंगणात कोबीला पाणी घालत होतो. काकांनी गाडी लावली. मग रोज करतात तेच केलं. गादी उचलली, वाकले आणि टाकीचं झाकण फिरवलं.

हुऽऽश्श.

लांब, थकलेला सुस्कारा. दिवसभर उभं राहून आलेल्या बाईने चुलीपाशी बसताना टाकावा तसा.

"दमलीस ना," काका म्हणाले.

मग झाकण परत लावलं. एरवी ते पेट्रोल भरतही नसत, मोजतही नसत, नुसतं उघडायचे, ऐकायचे, लावायचे. मी त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. एकट्या माणसाला काहीतरी लागतं. माझे एक मामा प्रेशर कुकरशी बोलतात, आणि कुकर त्यांना मामीपेक्षा जास्त वेळा उत्तर देतो. त्या संध्याकाळी मात्र काकांनी डबा आणला आणि टाकी तोंडापर्यंत भरली. भरून झाल्यावर झाकण लावताना ते कडेला दोन बोटांनी धरलं होतं, गरम भांडं धरावं तसं.

"सुवास," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उद्या ठोकळा तू धर. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

ठोकळा म्हणजे चाकाखाली द्यायचा लाकडाचा तुकडा. चढणीवर एक माणूस तो घेऊन मागच्या फळीवर उभा राहतो. गाडी मागे यायला लागली की उडी मारून चाकाखाली ठोकळा द्यायचा. गाडी पडली तर ज्याला नंबर मिळणार, त्यालाच ती पडू न देण्याचं काम. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, म्हणजे सुचलं होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं.

सकाळी धुकं इतकं होतं की समितीची माणसं एकेक करून हवेतून तयार झाल्यासारखी आली. योंजनदाजू पुढे काकांशेजारी बसले. फुर्बा आणि बाकीचे मागे, गुडघ्याला गुडघा लावून. मी फळीवर, काखेत ठोकळा.

"बुढी चढेल ना?" दाजूंनी विचारलं.

काका थांबले. "चढेल."

पहिली वळणं तिने अशी घेतली की मागे गप्पा सुरू झाल्या. कुणीतरी चित्रेला गेल्यावर याकचं चीज खाऊ म्हणालं. रस्ता तिथे एकावर एक दुमडत वर जातो. आपण आत्ता सोडलेलं वळण पायाखाली दिसतं, आणि त्याखाली त्याच्या आधीचं. मी फळीवरून ते बघत होतो. मनात कव्हरं होती, हे कबूल करायला हरकत नाही. लोकर चांगली जाड होती.

मग सगळ्यांत उभं वळण आलं. काकांनी गिअर खाली टाकला आणि पाय दिला.

इंजिनाने एक ठोका गाळला.

गप्पा थांबल्या.

काकांनी आणखी पाय दिला. गाडी खोकली. आवाज वर जाण्याऐवजी आत आत जायला लागला. "चल," काकांचा आवाज आला. "चल ना. थोडंच राहिलंय." तिने आणखी एक हात चढून दाखवलं, थरथरली आणि गप्प झाली.

त्या शांततेत पुढून हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला, आणि लगेच तो पुरत नसल्याचा. फळी माझ्या पायाखाली मागे सरकायला लागली.

"सुवास, देवाचं नाव घे," योंजनदाजू ओरडले.

मी ठोकळा घेतला. उडी मारली, घसरलो, आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या चाकाखाली तो सारला. चाक त्यावर थोडं चढलं. लाकूड करकरलं. मी दोन्ही हातांनी धरून होतो, जसं काही माझ्या हातांनी फरक पडणार होता. मग गाडी थांबली. समितीची माणसं जेवढ्या वेगाने खाली उतरली, तेवढ्या वेगाने त्यांनी आजवर एकही ठराव केलेला नाही.

"एकदा झाली," योंजनदाजू कपाळ पुसत म्हणाले. "नियमाप्रमाणे आता इथून एकदा. मग मी काही ऐकणार नाही, हस्तमान."

फुर्बा बॉनेट उघडून नळी सोडून बसला होता. "हातपंप मारतोय, थेंब नाही. कोरडी ठणठणीत. काका, आता तरी टाकी."

काका उतरले. "मी उघडतो. सगळे तिकडे व्हा."

सगळे तिकडे झाले. मी होऊ शकलो नाही, कारण मी ठोकळा होतो. चाकाशी बसल्या बसल्या मला दारातून गादीखालचं दिसत होतं. काकांनी गादी उचलली आणि झाकण फिरवलं.

हुऽऽऽऽश्श.

एवढा लांब मी कधी ऐकला नव्हता. तो संपायच्या आत पुढून फुर्बा ओरडला, "आलं. पेट्रोल आलं."

मी झाकणाकडे बघितलं. त्यावर टिळा होता. दही, तांदूळ आणि शेंदराचा, दसैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, गाडीच्या पूजेत लावतात तसा, तळहाताएवढा, जाड. नवमीला आम्ही सगळेच लावतो, स्टिअरिंगला, चाकांना, बॉनेटला. पावसात, धुक्यात महिन्याभरात जातो. हा गेला नव्हता. हा काचेखाली ठेवल्यासारखा चकाकत होता.

मला कळलं. कळायला नको असताना कळलं. गप्प बसलो असतो तर काकांनी झाकण घट्ट लावलं असतं, गाडी लगेच सुरू झाली असती, आणखी चार वळणं चढली असती आणि पाचव्याला परत गुदमरली असती. मला काहीच करायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा काही न करण्याचा मला फायदा होता.

"काका," मी म्हटलं, "झाकणाला भोक असतं ना?"

"असेल."

"कुठंय?"

त्यांनी झाकण हातात फिरवलं.

"हा टिळा काकीचा?"

"नवमीला लावला तिने." ते हळू बोलत होते, तिकडच्यांना ऐकू जाऊ नये असं. "मी म्हटलं इथे कशाला, कुणाला दिसणार? ती म्हणाली, हे तिचं तोंड, इथून ती खाते. आधी तोंडाला लावायचा."

"तो एवढा टिकला कसा?"

"माघात पापुद्रे सुटायला लागले. म्हणून तिचं ते नखाला लावायचं होतं ना, बिनरंगाचं. रंगाचं लावायची तिला लाज वाटायची. बिनरंगाचं लावायची, म्हणजे कुणाला दिसणार नाही, तिला माहीत असेल. ती बाटली होती. ते दिलं वरून."

"किती?"

"तीन हात. टिकायला पाहिजे ना."

"काका, खालून पेट्रोल जातं तेवढी हवा वरून आत यायला लागते. नाहीतर टाकी आतून ओढून धरते, सोडतच नाही. भरलेली असली तर आत हवा कमी, म्हणून लवकर. तुम्ही तिचं नाक बंद केलंय."

काकांनी झाकण डोळ्यांजवळ नेलं.

"म्हणजे रोज संध्याकाळी ती..."

"हवा आत घ्यायची."

"मला वाटलं दमते," काका म्हणाले.

"काय चाललंय तिकडे?" योंजनदाजू जवळ आले, मागून फुर्बा. फुर्बाने एका नजरेत बघितलं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते दहीतांदळासमोर बोलायचं नव्हतं. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"खरवडतो. एक मिनिटाचं काम."

"तो ठेव," मी म्हटलं.

"झाकण सैल ठेवून जाऊ," काका म्हणाले. "सैल ठेवलं तर हवा जाईल."

"हस्तमान, या चढणीवर?" योंजनदाजूंचा आवाज खाली आला होता, तरी शब्द तेच होते. "भरलेली टाकी बुडाखाली हिंदकळणार आणि झाकण सैल. मी बसणार नाही. कुणालाच बसू देणार नाही."

ते चूक बोलत नव्हते. धुकं अंगावरून जात होतं. सगळे काकांकडे बघत होते आणि काका झाकणाकडे. फुर्बाने स्क्रूड्रायव्हर खाली केला नव्हता, पण पुढेही केला नव्हता.

मग काकांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपीला पुढे पितळी खुकरीचा बिल्ला असतो. त्यांनी तो काढला आणि मागची पिन सरळ केली. झाकण उलटं केलं. आतल्या बाजूने पत्र्यात सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं. पिन त्यात घातली आणि दाबली. गेली नाही. अंगठ्याने रेटली. तीन हात होते ते.

टक.

एक तांदूळ उडाला. बाकी टिळा जागच्या जागी राहिला.

काका झाकणाकडे न बघता रस्त्याकडे बघायला लागले. "कुठे गेला?"

पुढचा प्रसंग मी कुणाला सांगितला तर खरा वाटत नाही. त्या वळणावर, ठोकळ्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या बाजूला, आमची आख्खी समिती, अध्यक्षांसकट, गुडघ्यांवर बसून एक तांदूळ शोधत होती. कुणी काही विचारलं नाही. वरून उतरणारी एक गाडी थांबली, ड्रायव्हरने "काय हरवलं?" विचारलं, योंजनदाजूंनी मान वर न करता सांगितलं, "तांदूळ." तो थोडा वेळ थांबला आणि मग तोही उतरला.

योंजनदाजूंनाच सापडला. खडीत, लाल, चकाकता. त्यांनी तो तळहातावर धरून काकांपुढे केला, प्रसाद द्यावा तसा.

काकांनी चिमटीत घेतला. हात सवयीने कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. काकीचं वर्ष सरेपर्यंत त्यांच्या घरात टिळा नाही. त्यांनी तांदूळ शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

"बसा," ते म्हणाले.

वळण परत आलं, म्हणजे आम्ही त्याच वळणावर होतो. मी ठोकळा ओढून घेतला आणि धावत फळीवर चढलो. काकांनी पाय दिला. सगळे श्वास धरून होते. फक्त बुढीने धरला नव्हता. तिने वळण घेतलं. पुढचं घेतलं. पाचवं आलं तेव्हा काकांनी मुद्दाम पाय जमिनीपर्यंत दाबला असणार, कारण ती अशी उसळली की मी फळीवरून लोंबकळलो. चित्रेचे झेंडे धुक्यातून दिसायला लागले तेव्हा कुणीतरी हळूच चीजचा विषय परत काढला.

"सतरा नंबर राहिला," उतरताना योंजनदाजू म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुवास, तू यादीत पहिला आहेसच."

"हो दाजू. ते कुणी काढून घेऊ शकत नाही."

घरी सांगितलं तेव्हा आई लगेच उठली. कव्हरं उचलून अंगणात गेली आणि ती काकांच्या गाडीला घालून आली. "आकडा त्यांचाच आहे," ती म्हणाली. "उसवत कोण बसेल?"

संध्याकाळी मी कोबीला पाणी घालत होतो. काकांनी गाडी लावली. निळ्या लोकरीची गादी उचलली, वाकले आणि झाकण फिरवलं.

मी झारी थांबवली.

काही आवाज आला नाही. काकांनी झाकण लावलं, थोडे थांबले आणि परत फिरवलं. नाही. ते तसेच वाकून उभे होते. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं.

"बरी आहे आता," ते म्हणाले.

"हो काका. बरी आहे."

त्यांनी झाकण घट्ट लावलं. टिळ्यात जिथे तांदूळ नव्हता, त्या बारीक भोकावर त्यांनी एक बोट ठेवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मग उचललं, आणि गादी खाली टाकली.